मंकी आयलंड : एका कळीवर मिळणारा जुना खेळ नेमका कोणता?

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा संगणकावरचा साहसखेळ ल्युकासफिल्म गेम्स या कंपनीने १९९० साली बाजारात आणला. पुढे ल्युकासआर्ट्स झालेल्या त्याच कंपनीने जुलै २००९ मध्ये त्याची ‘स्पेशल एडिशन’ काढली. आज स्टीम किंवा गॉग यांसारख्या ऑनलाइन दुकानांतून विकत मिळते ती हीच स्पेशल एडिशन होय. तिचे सर्वांत गाजलेले वैशिष्ट्य म्हणजे एफ-१० ही कळ. नव्याने रंगवलेली चित्रे, नव्याने वाजवलेले संगीत आणि कलाकारांचे आवाज असलेला खेळ चालू असताना ही कळ दाबली, की त्याच क्षणी, त्याच जागी, ठिपक्याठिपक्यांचा जुना खेळ समोर उभा राहतो. पुन्हा दाबली, की नवा परत येतो. ही सोय खरोखरच सुरेख आहे. मात्र तिच्यामुळे खेळणाऱ्याचा असा समज होतो की, कळीच्या पलीकडे आहे तोच १९९० सालचा मूळ खेळ. हा समज खरा नाही. जुन्या खेळाच्याच अनेक आवृत्त्या निघाल्या, त्यांत बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या, आणि काही उत्तम विनोद वाटेतच गळून पडले. एफ-१० मागे दडलेला खेळ हा त्या साखळीतला बराच उशिराचा दुवा आहे.

हा खेळ कधीच न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक सडपातळ, भोळसट तरुण कॅरिबियन समुद्रातल्या मेले नावाच्या बेटावर येऊन दाखल होतो. त्याला चाचा व्हायचे असते. बेटावरचे अनुभवी चाचे त्याच्यापुढे तीन परीक्षा ठेवतात : तलवारबाजीत सरशी, चोरी आणि गुप्तधनाचा शोध. पुढे गव्हर्नर एलेन मार्ली हिच्याशी त्याचे सूर जुळतात, लेचक नावाचा मेलेला चाचा तिला पळवून नेतो, आणि कथा मंकी बेटाकडे वळते. रॉन गिल्बर्ट हे या खेळाचे सूत्रधार. लेखन आणि आज्ञावलीत त्यांना टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांची साथ होती. संगीत मायकेल लँड यांचे. खेळाची मोठी गंमत संवादांत आहे. तलवारबाजी येथे हाताच्या चपळाईवर नव्हे, तर शब्दांच्या सवाल-जवाबावर जिंकायची असते. प्रतिस्पर्धी टोमणा मारतो, त्याला चपखल उत्तर दिले तर आपण एक पाऊल पुढे सरकतो. एखाद्याने ‘तू गवळ्यासारखा लढतोस’ म्हटले, तर ‘शोभते खरे, कारण तू गायीसारखा लढतोस’ हे उत्तर आधी कोणाकडून तरी ऐकून, हरून, शिकून ठेवावे लागते. खरी मेख शेवटी आहे. बेटावरची श्रेष्ठ तलवारबाज कार्ला अगदी निराळेच टोमणे मारते आणि शिकलेलीच उत्तरे तिच्या नव्या टोमण्यांना लावून पाहावी लागतात. एवढी नेटकी रचना त्यानंतरच्या फार थोड्या खेळांत पाहायला मिळाली.

आता आवृत्त्यांकडे वळू. पहिली आली ती ईजीए, म्हणजे एका वेळी केवळ सोळा रंग दाखवू शकणाऱ्या पडद्यांसाठीची. सोळा रंगांत रात्रीचे निळे आकाश रंगवायचे म्हणजे कोण कसरत! चित्रकार मार्क फेरारी यांनी दोन रंगांचे ठिपके आळीपाळीने मांडून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करण्याचे तंत्र येथे कसोशीने वापरले. जुन्या काचेच्या, फुगीर पडद्यावर हे ठिपके एकमेकांत विरघळून जात. आजच्या सपाट, लखलखीत पडद्यावर ते बुंदीच्या दाण्यांसारखे सुटे सुटे दिसतात आणि चित्र ओबडधोबड वाटते. म्हणून ईजीए आवृत्तीचे मोल ठरवताना पडद्याचा हा फरक ध्यानात ठेवणे न्याय्य होईल. पाठोपाठ व्हीजीए, म्हणजे २५६ रंगांची आवृत्ती आली. तिच्यात मेले बेटाची ती प्रसिद्ध रात्र अधिक गडद आणि मऊ झाली. काही पात्रांचे जवळून दिसणारे चेहरेही नव्याने रंगवले गेले. ईजीएमध्ये ते चेहरे व्यंगचित्राच्या वळणाचे आहेत, तर व्हीजीएमध्ये तैलचित्राच्या वळणाचे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर खेळाच्या चेष्टेखोर स्वभावाला व्यंगचित्रच अधिक शोभते. पण बाकी सर्व बाबतींत व्हीजीए सरस आहे, हे मान्य करावे लागते.

या दोन्ही आवृत्त्या फ्लॉपीवर, म्हणजे त्या काळच्या चपट्या, थोडीच माहिती मावणाऱ्या डिस्कवर आल्या होत्या, आणि खेळातला माझ्या दृष्टीने सर्वांत मार्मिक विनोद फ्लॉपीच्या त्रासावरच बेतलेला होता. मेले बेटावरच्या जंगलात एक तोडलेल्या झाडाचा बुंधा आहे. त्याच्याकडे पाहा अशी आज्ञा दिली की, गायब्रशला त्याच्या आत भुयारांच्या जाळ्याकडे जाणारी वाट असल्याचा साक्षात्कार होतो. तो आत उतरण्याची तयारी करतो, आणि पडद्यावर गंभीर सूचना झळकते : डिस्क क्रमांक २२ घाला. नाइलाजाने पुढे जावे तर डिस्क क्रमांक ३६ मागितली जाते, आणि मग ११४. खेळासोबत मिळालेल्या फ्लॉपी अर्थातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेवटी गायब्रश तो भाग सोडून देण्यावाचून गत्यंतर नाही असे म्हणून मागे फिरतो. संगणकात घडीघडी फ्लॉपी काढ-घाल करून विटलेल्या माणसाला हा चिमटा किती अचूक लागत असेल, याची कल्पना तो काळ पाहिलेल्यांना सहज येईल. पण सगळ्यांनाच तो विनोद आहे हे उमगले नाही. आपल्या खोक्यात डिस्क कमी आल्या असे समजून कंपनीच्या मदतकेंद्राला दूरध्वनी करणाऱ्यांची रीघ लागली, आणि १९९२ साली सीडीवरची आवृत्ती काढताना हा विनोद काढून टाकण्यात आला. पुढच्या भागात मात्र त्याची आठवण जागवली गेली. तेथे गायब्रश चक्क जंगलातल्या एका टेलिफोनवरून कंपनीच्या मदतकेंद्रालाच फोन लावतो, आणि त्या बुंध्याचा विषय काढण्याची सोय त्या संभाषणात ठेवलेली आहे.

फोंड्याला आमच्या घरी मी आणि माझा भाचा मिळून हा खेळ पुन्हा लावला, तेव्हा जुनी व्हीजीए आवृत्ती आणि नवी आवृत्ती दोन लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. फ्लॉपी त्याने फक्त ‘सेव्ह’च्या चिन्हात पाहिलेली. बुंध्याची सूचना आली तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “मामा, ही बावीस नंबरची फाइल डाउनलोड करायची राहिली का?” तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मदतकेंद्राला फोन करणाऱ्यांचा हा थेट वारसदार! त्याला संदर्भ समजावून सांगितल्यावर तो मनापासून हसला, आणि लगेच शेजारच्या लॅपटॉपवर नव्या आवृत्तीत तोच बुंधा शोधू लागला. एफ-१० दाबून जुन्या रूपातही त्याने शोधले. हाती काही लागले नाही, कारण स्पेशल एडिशनमधले जुने रूप हे फ्लॉपीवरच्या नव्हे, तर सीडीवरच्या आवृत्तीवर बेतलेले आहे. विकत घेणाऱ्याला ही गोष्ट दुकानाच्या पानावर कोणी सांगत नाही, आणि माझी या उत्पादनाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

एका विनोदासाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, या खेळाचा प्राणच खेळणाऱ्याशी चाललेल्या थट्टेत आहे. गोव्यात दशावतार पाहिलेल्या वाचकाला संकासुराचे उदाहरण पुरेसे व्हावे : तो रंगमंचावरून थेट प्रेक्षकांशी बोलतो, त्यांची खिल्ली उडवतो, आणि तरीही नाटक मोडत नाही. मंकी आयलंडही असाच अधूनमधून पडद्याबाहेर डोके काढतो. मंकी बेटावर एका कड्याच्या टोकावर फार पुढे गेले की दगड निखळतो, गायब्रश खाली कोसळतो, आणि ‘आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, खेळ जतन करून ठेवला होता ना?’ अशा अर्थाची चौकट समोर येते. त्या काळी सिएरा ऑन-लाइन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या साहसखेळांत नायक पावलोपावली मरत असे आणि अशीच चौकट दिसत असे. येथे दोन क्षण जातात, खालून गायब्रश उसळी घेऊन पुन्हा कड्यावर येतो, आणि खाली रबराचे झाड होते एवढाच खुलासा करतो. हा विनोद प्रत्येक आवृत्तीत टिकून आहे. नायकाला उगाच मारायचे नाही, खेळणाऱ्याची कोंडी करायची नाही, हे गिल्बर्ट यांचे जाहीर तत्त्व होते. त्या तत्त्वाचेच हे खोडकर प्रात्यक्षिक म्हणता येईल.

तरीही गायब्रशला एका ठिकाणी मरण येऊ शकते, आणि ते ठिकाण शोधून काढण्यासाठी कमालीचा आळस हवा. आपण दहा मिनिटे श्वास रोखून धरू शकतो, अशी फुशारकी त्याने सुरुवातीलाच मारलेली असते. पुढे त्याला एका जड मूर्तीला बांधून धक्क्यावरून पाण्यात फेकले जाते. तळाशी त्याच्या आसपास दोरी कापायला योग्य अशी धारदार हत्यारे विखुरलेली असतात, पण प्रत्येक हत्यार हाताच्या किंचित पलीकडे. सुटकेचा उपाय इतका सोपा आहे की तो येथे सांगून मजा घालवणार नाही. पण खेळणाऱ्याने काहीच न करता खरोखर दहा मिनिटे घड्याळ लावून वाट पाहिली, तर फुशारकी अक्षरशः खरी ठरते आणि गायब्रश मरतो. फ्लॉपीच्या आवृत्तीत त्या क्षणी पडद्याच्या तळाशी असलेली, टिचकी मारून गायब्रशला आज्ञा देण्यासाठीची क्रियापदेही बदलतात : उघड, ढकल, उचल यांच्या जागी तरंगणे, फुगणे, टक लावणे, सडणे अशा मृताला जमण्याजोग्या क्रिया येतात आणि त्यांच्या रांगेत मार्गदर्शक पुस्तिका मागवण्याचा पर्यायही असतो. भाच्याने हे सारे घड्याळ समोर ठेवून तडीस नेले. त्या दहा मिनिटांत त्याच्या आजीने दोनदा जेवायला हाक मारली आणि दोन्ही वेळा ‘आजी, अजून मेला नाही गं’ हे उत्तर ऐकून ती स्वयंपाकघरात परतली.

क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबायला हवे, कारण आवृत्त्यांमधला सर्वांत खोल फरक तेथेच आहे. फ्लॉपीच्या आवृत्त्यांत पडद्याच्या तळाशी बारा क्रियापदे होती. एखादी वस्तू ‘चालू करा’ आणि ‘बंद करा’ यांसाठी वेगळी क्रियापदे, चालत जाण्यासाठीही वेगळे. गायब्रशजवळच्या सामानाची यादी अक्षरांत लिहिलेली असे. सीडीच्या आवृत्तीत क्रियापदे नऊवर आली आणि सामानाची चित्रे दिसू लागली. दुसऱ्या भागासाठी घडवलेली ही मांडणी पहिल्या भागाला मागाहून लावली गेली. ही सुधारणा निर्विवाद आहे. चालू-बंद करण्याजोगे या खेळात फारसे काही नाहीच, त्यामुळे ती क्रियापदे गेल्याने कोणाचे अडत नाही. सीडीवर संगीतही ध्वनिमुद्रित स्वरूपात आले, आणि सुरुवातीची ती कॅरिबियन धून प्रथमच खऱ्या वाद्यांच्या जवळ गेली. मात्र सीडी म्हटल्यावर अनेकांना वाटते तसे पात्रांचे आवाज तिच्यात नव्हते; त्यासाठी २००९ उजाडावे लागले.

स्पेशल एडिशनच्या नव्या रूपात मात्र क्रियापदे पडद्यावरून हटवली आहेत. चित्र पडदाभर दिसावे यासाठी हे केले, हे उघड आहे. चित्रे देखणी आहेतच, विशेषतः मेले बेटाचा धक्का आणि गव्हर्नरचा वाडा. पण खेळताना काय होते ते एका प्रसंगावरून सांगतो. तुरुंगात अडकलेल्या ओटिसच्या कोठडीचे कुलूप वितळवण्यासाठी स्कम बारच्या स्वयंपाकघरातल्या पिंपातून ग्रॉग हे चाच्यांचे मद्य न्यायचे असते. ग्रॉग इतके जालीम की हातातला मग वितळू लागतो. म्हणून रिकामे मग सोबत घेऊन, एक वितळायच्या आत दुसऱ्यात ओतत, गावातून पळत तुरुंग गाठायचा. जुन्या रूपात हे सोपे आहे, कारण क्रियापद, पहिला मग आणि दुसरा मग हे तिन्ही डोळ्यांसमोर असतात आणि तीन टिचक्यांत काम होते. नव्या रूपात एक कळ दाबून सामानाची पेटी उघडायची, दुसरी दाबून क्रियापदांची पेटी उघडायची, आणि तोवर हातातल्या मगाचा तळ गळून जमिनीवर सांडलेला असतो. एफ-१० दाबून जुन्या रूपात जावे, ओतावे आणि परत यावे, हा आमचा तोडगा ठरला. ज्या खेळात अडचण आल्यावर नवे रूप बाजूला सारावे लागते, त्याच्या मांडणीबद्दल याहून अधिक काय लिहावे?

ग्रॉगवरून एक अवांतर. खेळात त्याच्या घटकपदार्थांची यादी दिली आहे : रॉकेल, गंधकाम्ल, ॲसिटोन, वंगण, बॅटरीतले आम्ल असे काहीबाही, आणि जोडीला रम. २००९ साली अर्जेंटिनातल्या एका वृत्तवाहिनीने तरुणांमध्ये पसरलेले एक घातक पेय म्हणून हीच यादी गांभीर्याने बातमीत दाखवली होती. काजूच्या हंगामात भट्टीवरून थेट आलेले हुर्राक चाखलेल्या आमच्या एका शेजाऱ्याला मी ती यादी वाचून दाखवली. त्यांचा आक्षेप फक्त वंगणाला होता.

नव्या रूपाचा दुसरा दोष चालण्या-बोलण्याच्या हालचालींत आहे. या आवृत्तीच्या पोटात जुन्या खेळाचीच आज्ञावली चालते आणि नवी चित्रे तिच्यावर पांघरलेली आहेत. म्हणून तर एफ-१० ने क्षणात अदलाबदल शक्य होते. परंतु त्यामुळेच जुन्या, मोजक्या चौकटींच्या हालचाली नव्या, रेखीव शरीरांना जशाच्या तशा चिकटल्या आहेत. ठिपक्यांची छोटी आकृती झटक्याने वळली तर डोळा उरलेले स्वतः भरून काढतो. तीच हालचाल तपशीलवार रंगवलेल्या माणसाने केली की तो फरशीवरून घसरत चालल्यासारखा दिसतो. गायब्रशची नवी केशरचना तर मला शेवटपर्यंत पचली नाही. कपाळावर एवढा कोंबडा घेऊन चोरी करायला कोण निघतो?

आवाजांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. गायब्रशचा आवाज डॉमिनिक अर्माटो यांचा, लेचकचा अर्ल बोएन यांचा आणि एलेनचा अलेक्झांड्रा बॉइड यांचा आहे. १९९७ साली आलेल्या तिसऱ्या भागात हे तिघेही याच भूमिकांत होते, त्यामुळे पहिल्या भागालाही तेच आवाज लाभले याचे समाधान आहे. अर्माटो यांनी गायब्रशचा आवाज बढाईखोर न ठेवता किंचित घाबरलेला ठेवला आहे, आणि तो तसाच हवा. टोमण्यांच्या द्वंद्वात त्याने उत्साहाने चुकीचे उत्तर देणे वाचण्यापेक्षा ऐकण्यात जास्त गोड आहे. दुर्दैवाने एफ-१० दाबून जुन्या रूपात गेले की आवाज बंद होतात. म्हणजे आवाज हवे असतील तर घसरत चालणारा कोंबडेवाला गायब्रश सोसायचा, आणि जुनी चित्रे हवी असतील तर मुक्याने वाचायचे. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, दुसऱ्या भागाची अशीच आवृत्ती आली तेव्हा जुन्या चित्रांवरही आवाज ऐकू येतील अशी सोय झाली. पहिल्या भागाला ती मागाहून मिळाली नाही.

नव्या आवृत्तीत मदतीची सोयही आहे. एच ही कळ दाबली की आधी मोघम सूचना मिळते, पुन्हा दाबत गेले की ती अधिकाधिक स्पष्ट होते आणि अखेर कोठे जायचे ते दाखवणारा बाण येतो. ज्यांना कोडी सोडवण्यात रस नाही पण कथा पाहायची आहे, त्यांच्यासाठी हे उत्तम. माझ्या मते पहिल्या सूचनेवर थांबणाऱ्याचा फायदा अधिक, पण ते ज्याचे त्याने ठरवावे.

गुपितांची यादी पुष्कळ लांब करता येईल, पण शोधून पाहण्याजोग्या काहींचाच उल्लेख करतो. स्कम बारमध्ये एका माणसाच्या छातीवर ‘मला लूमबद्दल विचारा’ असा बिल्ला आहे. इतर काही विचारले तर तो एखाद्या शब्दापलीकडे बोलत नाही; लूमबद्दल विचारले की कंपनीच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या खेळाची जाहिरात धबधब्यासारखी सुरू होते. बारचे नावही खेळ ज्या यंत्रणेवर चालतो त्या स्कमवरूनच घेतलेले. मंकी बेटावर माकडाच्या प्रचंड मस्तकाजवळ सॅम आणि मॅक्स या कुत्रा-सशाच्या जोडीच्या मूर्ती दिसतात. या जोडीचे निर्माते स्टीव्ह पर्सेल या खेळाच्या चित्रकारांपैकी एक होते. गव्हर्नरच्या वाड्यात गायब्रश भिंतीआड जातो आणि आत नेमके काय चालले आहे ते दिसतच नाही. फक्त आवाज येतात आणि तळाशी क्रियापदे व वस्तू आपोआप निवडल्या जात असल्याचे दिसते, ज्यांत एक भयंकर याक आणि लेखनशैलीची एक पुस्तिकाही आहे. नव्या रूपात क्रियापदांची पट्टीच नसल्यामुळे या प्रसंगाचा अर्धा जीव जातो. म्हणून तेथे पोचताच एफ-१० दाबावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. आणि मंकी बेटावर उंचावर एक दगड फेकण्याचे यंत्र सापडते. त्याचा नेम भलतीकडे धरला तर आपलेच जहाज बुडवता येते. इतर कोणत्याही खेळात येथे सारे संपले असते. येथे खेळ खांदे उडवून पुढे चालू राहतो आणि बेटावरून परतण्याची निराळी सोय करून देतो. डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरच्या आवृत्तीत कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा एकत्र दाबल्या की काहीही न करता खेळ जिंकता येतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळणाऱ्यांना उपयोगी पडावे.

खोक्यातून येणारे एक गुपित मात्र सीडीसोबत कायमचे गेले. फ्लॉपीच्या आवृत्तीबरोबर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मिळत. एकीवर चाच्यांच्या चेहऱ्यांचे वरचे अर्धे भाग, दुसरीवर खालचे. पडद्यावर दिसणारा चेहरा चकत्या फिरवून जुळवायचा आणि त्या चाच्याला अमुक बेटावर कोणत्या साली फाशी दिले ते सांगायचे, तरच खेळ सुरू होई. नकला रोखण्यासाठीची ही युक्ती होती. आमच्या भागात असे खेळ बहुधा बोटीवर नोकरीला असलेल्या तारवटींच्या सामानातून, नाहीतर संगणक-वर्गातल्या कोणाच्या तरी ओळखीने येत, आणि त्यांच्याबरोबर त्या चकत्यांची झेरॉक्स येई. चाच्यांवरचा खेळ चाचेगिरीनेच गावोगाव पोचला, यातली गंमत बहुधा गिल्बर्ट यांनाही मान्य व्हावी.

इतर यंत्रांवरच्या आवृत्त्या अभ्यासकांनी पाहाव्यात. अमिगा आणि अटारी एसटीवरच्या आवृत्त्यांत रंग कमी पण चोख आहेत. जपानच्या एफएम टाउन्सवरची आवृत्ती दिसायला-ऐकायला चांगली आहे. १९९३ ची सेगा सीडीवरची आवृत्ती मात्र रंगांच्या टंचाईमुळे मळकट दिसते, ती टाळलेली बरी.

मग विकत काय घ्यावे? जुन्या फ्लॉपीच्या आवृत्त्या आज वेगळ्या विकल्या जात नाहीत. ज्यांच्याकडे त्यांच्या मूळ फाइली आहेत त्यांनी स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्राम वापरावा. तो २००१ पासून विकसित होत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवरही चालतो, आणि ईजीएपासून सीडीपर्यंतच्या सर्व आवृत्त्या ओळखतो. त्यात पडद्याचे गुणोत्तर सुधारण्याचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर मूळ ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चित्र चपटे दिसते आणि गायब्रश आहे त्यापेक्षा बुटका वाटतो. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी स्पेशल एडिशन निःशंक घ्यावी. २००९ मध्ये ती दहा डॉलरला आली होती आणि सवलतीच्या दिवसांत त्याहून स्वस्त मिळते. खेळाच्या शेवटी गायब्रश आपण या सगळ्यातून काय शिकलो ते सांगतो : संगणकीय खेळासाठी वीस डॉलरपेक्षा जास्त कधी मोजू नयेत. त्याच्या या कसोटीला ही आवृत्ती आरामात उतरते. भाषांचा पर्याय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश एवढाच आहे. इंग्रजी शब्दखेळ कळण्याइतकी भाषा नसेल तर विनोद निसटतील; आमच्याकडे भाच्याच्या धाकट्या बहिणीसाठी टोमण्यांचे मराठीकरण जागच्या जागी करावे लागले.

स्पेशल एडिशन विकत घेतलेल्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. एका हौशी रसिकाने घडवलेले, ‘अल्टिमेट टॉकी एडिशन’ या नावाने ओळखले जाणारे साधन विकत घेतलेल्या आवृत्तीतले आवाज उचलून जुन्या चित्रांच्या खेळात बसवते, आणि तयार झालेला खेळ स्कमव्हीएमवर चालतो. आम्ही दुसऱ्यांदा खेळलो ते याच रूपात. जुनी रात्र, नऊ क्रियापदे, चित्रांतले सामान आणि अर्माटो यांचा आवाज, असे सारे एका ठिकाणी येते. कंपनीने एफ-१० च्या पलीकडे हेच ठेवायला हवे होते. साधन चालवण्यासाठी फोल्डर शोधणे, फाइली हलवणे असा थोडा खटाटोप आहे आणि तो इंग्रजी सूचना वाचतच करावा लागतो. घरात संगणकाचा विद्यार्थी असेल तर त्याला जेवणाआधी कामाला लावावे.

गुण द्यायचेच तर मूळ व्हीजीए खेळाला पाचपैकी पाच, स्पेशल एडिशनला साडेतीन. एक गुण मगांच्या प्रसंगासाठी कापला, अर्धा केशरचनेसाठी.